सरांनी ओतलेलं तेल

चूक माझी होती, हे मी पहिल्याच वाक्यात लिहून टाकतो. उशिरा सांगितलं की काय होतं, ते मी या वर्षी चांगलं पाहिलं आहे.

मी प्लासिड. आमच्या पापडी गावात मला नुसतं प्लासिड म्हणणारी माणसं आता दोन-तीनच उरली असतील, बाकी सगळ्यांचा मी सर. चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. गावातली निम्मी माणसं माझ्या हाताखालून गेली आणि उरलेल्या निम्म्यांची पोरं. त्यामुळे 'सरांनी सांगितलं' एवढं म्हटलं की आमच्या आळीत वाद मिटतो. विहिरीला पंप कुठला बसवावा, मुलीला कॉमर्सला घालावं की सायन्सला, डॉक्टरनं लिहिलेली गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, सगळं मला विचारतात. मला ते आवडतं. खोटं कशाला बोलू, फार आवडतं. रिटा, म्हणजे माझी बायको, म्हणते की तुम्हाला कुणी नुसता रस्ता विचारला तरी तुम्ही खडू शोधता.

हे सगळं जिच्यावरून झालं ती मोटरसायकल आमच्या मुलाची, जेन्सनची. तो क्रूझच्या जहाजावर किचनमध्ये आहे. आठ महिने समुद्रावर आणि मग दोन-तीन महिने घरी. पहिल्या दोन कॉन्ट्रॅक्टनंतर त्यानं ही परदेशी बनावटीची गाडी घेतली. साध्या गाडीच्या क्लचला तार असते, हिच्या क्लचला तेल आहे. हँडलवर लिव्हरजवळ एक छोटी डबी, तिच्यात तेल, तिथून एक नळी खाली इंजिनपर्यंत आणि तिथे एक पिस्टन. वर बोटांनी लिव्हर दाबली की तेल ढकललं जातं, खालचा पिस्टन सरकतो आणि क्लच सुटतो. नळीत हवेचा बुडबुडा राहिला की सगळा खेळ बिघडतो, कारण तेल दबत नाही आणि हवा दबते. नववीच्या वर्गात मी हेच दोन सिरिंज नळीनं जोडून दाखवायचो. पोरं टाळ्या वाजवायची.

जेन्सन जहाजावर असला की गाडीची जबाबदारी माझ्याकडे आणि गाडीचं काम विघ्नेशकडे. विघ्नेशही माझाच विद्यार्थी. वालीवच्या वर्कशॉपमध्ये सात-आठ वर्षं हात काळे करून त्यानं चर्चसमोरच्या रस्त्यावर, स्टॅनीच्या जागेत, स्वतःचं गॅरेज काढलं. स्टॅनी त्याच्यापेक्षा दहा-बारा बॅच मोठा, तोही माझाच. बोलायला मोठा, मनानं वाईट नाही, पण कुणाचं म्हणणं खरं मानायचं हे तो माणूस बघून ठरवतो.

जेन्सन यायच्या आधी विघ्नेशनं गाडीचं सगळं काम केलं. क्लचचं जुनं तेल काढून नवीन भरलं, हवा काढली, आणि गाडी घरी आणून देताना मला म्हणाला, "सर, याच्यात निळं तेल असतं, मिनरल. ब्रेकचं तेल याला चालत नाय. कधी कमी वाटलं तर मला फोन करा, मी येतो."

"बरं बरं," मी म्हटलं. विद्यार्थ्यानं शिकवलेलं माझ्या कानाच्या आत जात नाही.

आमच्या पॅरिशमध्ये सणाच्या आदल्या रविवारी गाड्यांना आशीर्वाद देतात. मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, संपली की आवारात गाड्यांची रांग लागते आणि फादर पवित्र पाणी शिंपडत रांगेतून फिरतात. नाव आशीर्वादाचं, पण कुणाची गाडी किती चमकते यावर सगळ्यांचा डोळा असतो. जेन्सन मंगळवारी पोहोचणार होता. त्यानं कुठल्याशा बंदरातून फोन करून सांगितलं होतं, "पप्पा, माझी गाडी लाइनीत पायजे हां."

शनिवारी दुपारी मी गाडी अंगणात काढली आणि बादली-साबण घेऊन बसलो. धुता धुता लिव्हरजवळच्या डबीकडे लक्ष गेलं. तेल किती आहे ते दिसायला डबीला एक छोटी गोल काच असते. काचेत तेल रेघेच्या पार खाली दिसत होतं. मी मनात म्हटलं, बघा, विघ्नेशनं डबी भरलीच नाही पुरती. या पोरांना सगळ्याची घाई.

गाडी साइड स्टँडवर होती. साइड स्टँडवर ती डावीकडे झुकते, हँडलही डावीकडे वळलेलं असतं, डबी तिरकी होते आणि तेल एका अंगाला सरकतं. भांडं कसंही कललं तरी द्रवाचा पृष्ठभाग आडवाच राहतो, हे मी चौतीस वर्षं पाण्याचा तांब्या तिरका करून पोरांना दाखवलं. ज्याला ते वहीत काढता आलं नाही त्याला बाकावर उभं केलं. गाडी सरळ उभी करून बघितलं असतं तर तेल बरोबर रेघेवर आलं असतं. दहा सेकंदांचं काम होतं.

झाकणावर बारीक इंग्रजी अक्षरांत छापलं होतं की फक्त मिनरल तेल वापरा. चष्मा नव्हता असं म्हणायची सोय नाही, चष्मा डोळ्यांवर होता. मी ते वाचलं. वाचून म्हटलं, कंपनीवाले स्वतःचं तेल खपवायला काय वाटेल ते छापतात. तेल ते तेल, दाब पोहोचवला म्हणजे झालं. आमच्या विकून टाकलेल्या कारच्या ब्रेकचं तेल अर्धी बाटली कपाटात पडून होतं. मी झाकणाचे दोन स्क्रू काढले आणि रेघेपर्यंत ओतलं.

पिवळसर थेंब निळ्या तेलात पडले आणि मिसळलेच नाहीत. गोळ्या होऊन तळाला जाऊन बसले. मला मजा वाटली. घनता जास्त, मी स्वतःशी म्हणालो, आणि झाकण लावलं. एक थेंब टाकीवर सांडला होता, तो फडक्यानं पुसला. विज्ञानाच्या मास्तरासमोर दोन द्रव एकमेकांत मिसळायला नाही म्हणत होते आणि मास्तर खूश होता. या गाढवपणाची मला आजही लाज वाटते. आणि ही तर लहान लाज, मोठी पुढेच आहे.

रिटा ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. "काय ओतता त्याच्यात?" तिनं विचारलं.

"ओतत नाय, लेव्हल करतो," मी म्हटलं.

रविवारी गाडीला आशीर्वाद मिळाला. मी रांगेत गाडीचं हँडल धरून असा उभा राहिलो की बघणाऱ्याला वाटावं, ही रोज मीच पळवतो. जेन्सन आला, खूश झाला, दहा-बारा दिवस फिरला. मग एकदा जेवताना म्हणाला, "पप्पा, क्लच नरम वाटतो."

"नवीन तेल आहे, बसेल हळूहळू," मी म्हटलं. तेल बसत नाही. तेल बसणं अशी काही गोष्टच नसते. पण मी म्हटलं आणि तो गप्प झाला, कारण तो माझा मुलगा आहे आणि त्यालाही विज्ञान मीच शिकवलं.

त्याच आठवड्यात तो मित्राकडे नालासोपाऱ्याला निघाला. तुळिंजच्या बाजारात पुढची रिक्षा थांबली म्हणून त्यानं क्लच दाबला, तर लिव्हर सरळ हँडलला जाऊन टेकली आणि क्लच सुटलाच नाही. गाडी गिअरमध्ये तशीच पुढे रेटली गेली आणि रिक्षावर आपटली. रिक्षातल्या बाई घाबरल्या, बाकी कुणाला काही झालं नाही. जेन्सनच्या डाव्या मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. पुढच्या जहाजाची तारीख हातची गेली.

मला राग आला की तोंड आधी पळतं आणि डोकं मागून येतं. रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर माणसं जेन्सनची विचारपूस करायला भोवती जमली. मी म्हटलं, "विघ्नेशनं पोराचा हात मोडला. क्लचची हवा काढता येत नसेल तर गॅरेज कशाला मांडून बसायचं?" चांगलं चारजणांना ऐकू जाईल असं म्हटलं. स्टॅनी तिथेच होता. त्यानं मान हलवली. देवाशप्पथ सांगतो, तेव्हा मला तसंच वाटत होतं. त्या शनिवारची बाटली माझ्या डोक्यातही आली नव्हती.

सोमवारपर्यंत गावभर झालं. फेलिशियानं, आमच्या शेजारणीनं, विघ्नेशकडे दिलेली स्कूटर काम व्हायच्या आतच परत आणली. आणखी दोघांनी तेच केलं.

मंगळवारी विघ्नेश आपणहून आमच्या अंगणात आला. हत्यारांची पिशवी खाली ठेवली, आधी जेन्सनचा हात बघितला, मग गाडीकडे वळला. त्यानं गाडीखाली लाकडाचा ठोकळा लावून ती सरळ उभी केली. मी ओट्यावरून बघत होतो. डबीची काच आता काठोकाठ भरलेली दिसत होती.

तो घाई करत नव्हता. लिव्हर चार-पाच वेळा दाबून बघितली, नळी वरपासून खालपर्यंत बोटांनी चाचपली, खालच्या पिस्टनजवळ फडकं लावून ओल येते का बघितलं. ओल होती. टाकीवर पैशाएवढा एक डाग होता, रंग फुगून उकललेला. त्यावर त्यानं अंगठा फिरवला. मग म्हणाला, "सर, लिव्हर धरायला एक माणूस लागेल. जेन्सनचा हात असा आहे. तुम्ही येता?"

एव्हाना स्टॅनीही आला होता, तपास काय निघतो ते बघायला. रिटा दारात होती. मी गाडीपाशी गेलो.

हवा काढायचं काम दोघांचं असतं. एकानं वर लिव्हर दाबून धरायची, दुसऱ्यानं खालचं निप्पल, म्हणजे हवा सोडायची छोटी तोटी, पान्यानं जरासं उघडायचं. तेल आणि हवा पारदर्शक नळीतून बाहेर येते. निप्पल बंद झालं की मगच लिव्हर सोडायची, नाहीतर हवा परत आत ओढली जाते. "दाबा," विघ्नेश म्हणायचा, "धरा." मग खाली काहीतरी करायचा आणि म्हणायचा, "सोडा." शाळेत मी सांगायचो आणि तो करायचा, आज उलटं होतं.

नळीचं टोक त्यानं एका काचेच्या बरणीत सोडलं होतं. आधी निळं तेल आलं, मग बुडबुडे, मग पुन्हा निळं. चौथ्या-पाचव्या वेळेला पिवळं आलं. निळ्यातून पिवळ्या गोळ्या खाली उतरून बरणीच्या तळाला बसल्या.

विघ्नेश बरणीकडे बघत राहिला. मीही. माझी बोटं लिव्हरवर तशीच आवळलेली होती. त्या क्षणी मला सगळं आठवलं, बाटली, झाकण, तळाला जाणारे थेंब, सगळं.

"सर," तो हळूच म्हणाला, "याच्यात ब्रेकचं तेल कुणी टाकलं?"

जेन्सन माझ्याकडे बघायला लागला. स्टॅनी माझ्याकडे बघायला लागला. खरं उत्तर एका अक्षराचं होतं आणि ते जिभेवर आलेलं होतं.

"मला काय विचारतो?" मी म्हटलं. "मी कशाला हात लावू? दोन्ही तेलांचे डबे तुझ्याच गॅरेजात असतात. तूच गडबड केली असशील."

मास्तरानं फळ्यावर चूक लिहिली आणि ती एखाद्या हुशार पोराला दिसली की ते पोर जसं बघतं, तसं त्यानं माझ्याकडे बघितलं. मग मान खाली घालून निप्पल आवळलं. "या तेलानं आतलं रबर फुगतं," तो स्टॅनीला नाही, जेन्सनला सांगत होता. "सील फाटलंय. नवीन मागवतो. आठ दिवस लागतील."

"आणि ते तुझ्या खिशातून," स्टॅनी म्हणाला. विघ्नेशनं हो म्हटलं.

त्याच संध्याकाळी स्टॅनीनं त्याला सांगितलं की महिनाअखेर जागा मोकळी कर. लोकांचा विश्वास गेला, माझ्या जागेचं नाव खराब होतं. ही बातमी स्टॅनीनंच मला फोन करून दिली, काहीतरी चांगलं केल्यासारखी. मी "हं" म्हटलं आणि फोन ठेवला.

जेवताना रिटानं विचारलं, "त्या शनिवारी तुमी ओतलं ते पिवळंच होतं ना?"

"तुला काय कळतं त्याच्यातलं?"

"मला नसेल कळत," ती म्हणाली. "पण त्या पोराला कळलंय. आणि तरी तो तुमाला सर म्हणतो."

ती उठून गेली. माझ्या ताटातला भात तसाच राहिला.

पुढचे आठ दिवस मी काय काय केलं ते सांगायलाही लाज वाटते. गॅरेजवरून जायला नको म्हणून बाजाराला वाडीतल्या मागच्या वाटेनं गेलो. कुमसाराला, म्हणजे पापांची कबुली द्यायला, गेलो आणि फादरांना सांगितलं की रागाच्या भरात कुणाला तरी काहीबाही बोललो. 'कुणाला तरी' आणि 'काहीबाही'! तिथेही मी पुरतं बोललो नाही. बाटली दोनदा फेकायला काढली आणि दोनदा परत कपाटात ठेवली. जेन्सन प्लास्टरमधल्या हातानं शर्टाची बटणं लावायची धडपड करायचा तेव्हा मी खोलीतून बाहेर जायचो. ज्याच्या आयुष्यात कधी 'मला माहीत नाही' म्हणायची वेळ आली नाही, त्याला 'मी चुकलो' म्हणायचं कसं ते येत नाही, एवढं मला कळलं. कळून काही उपयोग झाला नाही.

सील आलं त्या सकाळी विघ्नेश परत आला. अंगणात आम्ही दोघंच होतो. रिटा आणि जेन्सन डॉक्टरकडे गेले होते. त्यानं खालचा पिस्टन उघडून जुनं सील काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. रबर फुगून मऊ झालं होतं आणि एका कडेनं चिरलं होतं. नवीन बसवून, सगळी नळी धुऊन त्यानं निळं तेल भरलं. "दाबा सर."

मी दाबलं.

"धरा."

मी धरलं. तो खाली वाकलेला होता, मला त्याची फक्त मान दिसत होती. "विघ्नेश," मी म्हटलं, "ते मी ओतलं होतं."

"सोडू नका सर," तो म्हणाला. पाना फिरला. "आता सोडा. परत दाबा."

असं त्यानं आणखी चार वेळा करून घेतलं. नळीतून बुडबुडा यायचा थांबला तेव्हा कुठे तो सरळ उभा राहिला. "मला माहीत आहे सर. त्याच दिवशी कळलं. ब्रेकचं तेल रंग खातं, टाकीवर डाग पडलाय. माझ्या हातून सांडलं असतं तर मी लगेच पाणी मारलं असतं. आणि झाकणाच्या स्क्रूची खाच गेलीय, मी बरोबर मापाचा स्क्रू ड्रायव्हर वापरतो."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो ना. सगळ्यांसमोर विचारलं तुम्हाला. तुम्ही नाय म्हणालात." तो फडक्यानं बोटं पुसत होता. "तुम्ही नाय म्हटल्यावर पापडीत मी काय बोलणार?"

"मी चुकलो रे. माफ कर."

"मला सांगून काय होणार सर? मला तर माहीतच आहे," तो म्हणाला.

त्याच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. त्याच संध्याकाळी मी जेन्सनला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, उठला आणि बाहेर गेला. दोन दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला.

रविवारी मी मिस्सेला गेलो तो ठरवूनच. ज्या पायऱ्यांवर बोललो होतो त्याच पायऱ्यांवर, जमतील तेवढ्या माणसांसमोर बोलायचं. रिटाला बरोबर घेतलं, बाटली पिशवीत घेतली. मिस्सा सुटली, लोक जमले, मी स्टॅनीला हाक मारली आणि म्हटलं, "ऐका सगळे. विघ्नेशची काही चूक नाही. क्लचमध्ये चुकीचं तेल मी ओतलं. त्यानं मला आधी सांगितलं होतं तरी ओतलं, आणि मग त्याच्यावर ढकललं. मी खोटं बोललो."

स्टॅनी हसला.

"सर," तो म्हणाला, "तुम्ही नाय सुधारणार."

"म्हणजे?"

"आमच्या बॅचला लॅबमधला थर्मामीटर फुटला होता, आठवतो? हेडमास्तर मला धरून बसले आणि तुम्ही येऊन म्हणालात, मी फोडला. मी जन्मात विसरणार नाय ते." तो बाकीच्यांकडे वळला. "पोरगं रस्त्यावर येतंय म्हटल्यावर सरांचा जीव राहिला नाय. सगळं आपल्या अंगावर घेतात."

तो थर्मामीटर मीच फोडला होता. खरोखर मीच. टेबलावरून माझ्याच कोपरानं पडला होता आणि मी तसं सांगितलं होतं. पोरांनी त्याचं सर किती मोठ्या मनाचे असं करून टाकलं, आणि ते मी खोडून काढलं नाही, कारण मला ते गोड लागलं.

"अरे, मी खरं सांगतोय," मी ओरडलो. पिशवीतून बाटली काढली. गाडी साइड स्टँडवर होती, डबी तिरकी होती, म्हणून तेल कमी दिसलं, पिवळं तेल जड म्हणून तळाला गेलं, सगळं सांगितलं. हातानं डबी तिरकी करून दाखवली. मागून कुणीतरी म्हणालं, "सर परत वर्गावर गेले," आणि सगळे प्रेमानं हसले. स्टॅनी म्हणाला की अशी बाटली कुणाच्याही घरात सापडेल.

"हे खरं बोलतात," रिटा म्हणाली. "मी डोळ्यांनी बघितलं."

फेलिशियानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तू पण ना रिटा. नवऱ्यासारखीच."

मी जितकं खरं बोलत होतो तितका त्यांच्या डोळ्यांत मोठा होत होतो. खोटं बोललो तेव्हा एका वाक्यात पटलं होतं. आता कपाळ आपटलं तरी पटत नव्हतं, आणि हा कारभार चौतीस वर्षं मीच उभा केलेला होता.

"चला," स्टॅनी म्हणाला, "तुमच्या शब्दाबाहेर मी आहे का?" त्यानं माझा दंड धरला आणि रस्ता ओलांडून मला गॅरेजकडे नेलं. पाच-सहाजण मागून आले. विघ्नेश फळीवरचे पाने उतरवून खोक्यात भरत होता. आम्हाला बघून थांबला.

"राहू दे ते," स्टॅनी त्याला म्हणाला. "राहा इथंच. सरांनी तुझ्यासाठी शब्द टाकला. तुझी चूक स्वतःच्या अंगावर घेतली, भर चर्चसमोर. असं माणूस मिळणार नाय तुला. काम मात्र यापुढे नीट कर."

"स्टॅनी, नाही, तू ऐक..." मी बोलायला लागलो.

विघ्नेशनं माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. एवढीशी, मलाच दिसेल अशी. राहू द्या सर. त्याला जागा पाहिजे होती. मी आणखी ताणलं असतं तर स्टॅनीला मी वेडा वाटलो असतो किंवा तो खरंच चिडला असता, आणि दोन्हींत जागा गेली असती विघ्नेशचीच. मी तोंड मिटलं.

"बघतो काय?" स्टॅनी म्हणाला. "पाया पड सरांच्या."

विघ्नेशनं हातातला पाना खोक्यावर ठेवला. बोटं फडक्याला पुसली, एक एक करून, सावकाश. मग तो माझ्यासमोर आला, वाकला आणि त्यानं माझ्या पायांना हात लावला. "थँक्यू सर," तो म्हणाला.

आणि मी, सवयीनं, त्याच्या डोक्यावर हात ठेवला.